टायमिंगच्या साखळीची आणि आडव्या हाताची हकीकत

श्रीकुलस्वामिनीचे पायी मस्तक ठेवून, जेवढे डोळां दिसले आणि कानी आले तेवढेच येथे मांडिले आहे; अधिक जाले असेल तर तिने पुसावे, उणे असेल तर तिनेच भरावे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरे, भाद्रपद शुद्ध दशमीचे सुमारास घाटाखालील एका राज्यात विसाजीराजे सुखे नांदत होते. राज्य म्हणजे चार खोल्या, पुढे अंगण, अंगणात पत्र्याची पागा आणि पागेत एक जुनी जीप. तीस राजे स्वारीचा रथ म्हणत, राणी गोदावरीबाईसाहेब लक्ष्मी म्हणत, आणि शेजारचे धोंडोपंत कारभारी, ज्यांचा कारभार सल्ला देण्यापलीकडे काहीच नव्हता, ते खटारा म्हणत. राजियांची एकुलती कन्या वेणूताई घाटावर दिली होती, ती पहिलटकरीण, आणि सातवा सरत आला होता. पौर्णिमेच्या आत माहेरी आणिली तर आणिली; पुढे पितृपक्ष, आणि त्यापुढे आठवा महिना, आणि आठव्यात सासरची माणसे तीस घाट उतरू देत ना. मग बाळंतपण आईवाचून होणार. आणि ताईंनी तर निरोप धाडिला होता की दुसऱ्या गाडीत मळमळते, येईन तर आपल्याच जीपमध्ये येईन.

आणि तेच वेळी लक्ष्मीचे पोटात खुळखुळा वाजू लागला. पहाटे धुके अंगणात उतरलेले असावे, प्राजक्ताचा सडा पडलेला असावा, आणि किल्ली फिरविताच तो आवाज उठावा. घटकाभर वाजून आपोआप निजावा. मग राजे कान लावून बैसले आणि समजले की हे टायमिंगच्या साखळीचे दुखणे. इंजिनाचे पुढील झाकणाआड खाली एक चक्र, वरती दुसरे, आणि दोघांस ही एक साखळी बांधून असते. ती सांगेल तेव्हा व्हॉल्व्ह उघडावे आणि ती सांगेल तेव्हा मिटावे. साखळी झिजून सैल पडली आणि दात सोडून सरकली, तर वरचा व्हॉल्व्ह उतरतो आणि खालचा पिस्टन चढतो आणि दोघांची गाठ पडते आणि राज्य बुडते. मिस्त्रीकडे विचारणा केली, तो म्हणाला की गाडी ठेवून जा, दसऱ्यानंतर हात लावीन. नवी साखळी मात्र बाजारात मिळाली, ती राजियांनी आणून देवघराशेजारी कोनाड्यात ठेविली. आता स्वतः उघडावे की मिस्त्रीची वाट पाहावी, या विचारात राजे अंगणात फेऱ्या घालू लागले. कारभारी कुंपणावरून बोलिले, "राजे, तुम्हांला घड्याळाचा सेल बदलता येत नाही सरळ. भाड्याची गाडी करा नि मोकळे व्हा." राजियांनी ते ऐकिले नाहीसे केले.

आता राणीसाहेबांचा नेम ऐसा की चातुर्मासात एकभुक्त राहावे, देवापुढे रोज ठिपक्यांची रांगोळी घालावी आणि मौनाने जेवावे. पानावर शब्द निघाला की पान सोडून उठावे आणि मग दुसरे दिवशीच्या दुपारपर्यंत अन्न नाही. आणि त्या मागत नसत म्हणून राजे स्वहस्ते वाढीत असत. एकादशी सरून द्वादशीचे पारणे आले, पानावर वाफ निघत होती, बाहेर ऊन साखरेसारखे पांढरे पडले होते. राजे भाताची वाढणी उचलून म्हणाले, "काय करू? मिस्त्रीची वाट पाहू?" राणीसाहेबांनी पानावर हात आडवा धरिला. त्या म्हणत होत्या की भात पुरे. राजे समजले की वाट पाहणे पुरे. आणि राजियांची मुद्रा ऐसी खुलली की चूळ भरून राणीसाहेब अंगणात येतात तो लोखंडी पाने मांडले होते, बाह्या सारल्या होत्या आणि राजे गुणगुणत बोल्ट सोडवीत होते. तेव्हा मौन सुटले होते, सांगता येत होते. परंतु इतक्या दिवसांनी गुणगुणताना ऐकून राणीसाहेबांचे ओठ हलले नाहीत.

मग झाकण उतरले आणि काळे ऑइल काकवीसारखे संथ उतरले आणि जुनी साखळी बाहेर आली. राजियांनी दोन्ही साखळ्या फडक्यावर शेजारी निजविल्या. जुनी बोटभर लांब निघाली. राणीसाहेब विस्मयाने पाहत राहिल्या. इतकी वर्षे घाट चढता उतरता लोखंडही सांजेच्या सावलीसारखे लांबते, हे त्यांस ठाऊक नव्हते. दुसरे दिवशी सकाळी नवी साखळी चढली. वरच्या चक्राची ठिपक्याची खूण जेथे यावी तेथे न येता किंचित अलीकडे राहिली. राणीसाहेब चहा देण्यास गेल्या होत्या, त्यांची नजर त्या ठिपक्यावर ठरली. ओळीबाहेरचा ठिपका त्यांस रांगोळीतही सोसत नसे. त्यांनी विचारिले, तो राजे म्हणाले की ताण बसला की येईल जागेवर.

दुपारी पाने मांडली. राजियांचे हात केरोसिनाने धुतलेले, तरी नखांत काळे. पहिला घास घेऊन राणीसाहेब मौनात शिरल्या, आणि राजे म्हणाले, "जेवण जाले की किल्लीच लावतो. संध्याकाळी घाट चढू, उद्या वेणू घरात. काय?" आणि उत्तर पाहण्यास त्यांचे हाताकडे पाहू लागले. राणीसाहेबांनी हात उचलिला नाही. पानावर वरण हळूहळू निवत होते. मग त्या बोलिल्या.

"किल्ली लावू नका. खूण जुळलेली नाही. आणि काल माझा हात भातास पुरे म्हणत होता हो, मिस्त्रीस नव्हे."

ऐसे बोलून पानास नमस्कार करून त्या उठल्या. राजे घास हातात धरून राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी इंजिन भातावर उघडले?" आणि हसू आले, परंतु पुरते आले नाही, आणि त्यांनीही पान सारिले. राणीसाहेब म्हणाल्या, तुम्हांस कसला नेम, जेवा. राजे म्हणाले, "वेणूची आई उपाशी आणि मी भात कालवू?"

मग दोघे उपाशी पागेत गेली. राजियांनी विचारिले की आता खरे सांगा, झाकण लावून मिस्त्रीकडे ओढून नेऊ काय? राणीसाहेब म्हणाल्या की उघडिले तुम्ही, तर निदान हाताने फिरवून पाहा. अडले तर नेऊ. राजियांनी खालच्या चक्रास पाना लाविला आणि हळूच फिरविला. चक्र फिरले, फिरले आणि मध्येच मऊ अडले, जसे झोपेत कोणी कूस बदलताना थांबावे. राजियांनी हात तेथेच सोडिला. दोघांस कळले की किल्ली लाविली असती तर काय जाले असते. कुंपणावर कारभारी येऊन उभे होते, तेही वाकून चक्राकडे पाहू लागले.

राजे म्हणाले, "नेऊ मग?"

राणीसाहेब त्या ठिपक्याकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "हाताने अडले आणि हाताने थांबले. मोडले काहीच नाही. एकदा अजून बसवा. घाई तेवढी काढून ठेवा."

मग राजियांनी साखळी उतरविली, चक्र मागे घेतले, आणि राणीसाहेबांनी पदर खोचून विजेरी धरिली, आणि ठिपका ठिपक्यास भेटेपर्यंत कोणी श्वासही मोठा घेतला नाही. पुन्हा पाना लावून फिरविले. पुरते फेरे जाले, कोठे अडले नाही. तेव्हा झाकण बसले, ऑइल भरिले, आणि किल्ली राजियांनी राणीसाहेबांचे हाती दिली. त्यांनी डोळे मिटून फिरविली. खुळखुळा नव्हता. नुसता एकसारखा घोष, देवळात दूर कोणी पाठ म्हणावा तैसा. चतुर्दशीस वेणूताई पुढील जागेवर बसून घाट उतरल्या. बडबड करीत निघाल्या आणि तिसऱ्या वळणावर निजल्या, आणि धुक्यातून उतरताना राजियांनी एकदाही हॉर्न वाजविला नाही.

ऐसे साखळीचे प्रकरण पार पडिले. ज्यास घरी इंजिन उघडणे असेल त्याने खुशाल उघडावे. परंतु आधी घरच्या माणसाचा रुकार शब्दांत घ्यावा, आणि किल्लीचे आधी हाताने फिरवावे. अडेल तेथे थांबावे. थांबले म्हणून राज्य राहिले. पुढे कार्तिकात माहेरीच ताईंस कन्या जाली, आणि लेक कुशीत घेऊन आईस म्हणाल्या, "आई, जवळ बस, काही बोलू नकोस." राणीसाहेब बसल्या.