प्रमाणित टकलाची डावी बाजू

खोटे बोलणे हा दुर्गुण आहे. तेच मोठ्या अक्षरात, संगीताच्या साथीने आणि रीतसर शुल्क भरून बोलले, तर त्याला जाहिरात म्हणतात. या दोहोंमधली सीमा कुणी पुसू नये म्हणून जाहिरात नीती मंडळ स्थापन झाले. मी तिथे टिपणी लिहितो. त्यामुळे अधिकाराने सांगू शकतो की सत्याला स्वतंत्र खोली देणारे दुसरे कार्यालय माझ्या पाहण्यात नाही. (खोली जिन्याखाली आहे. पण स्वतंत्र आहे.)

मंडळाचे धोरण मायेचे आहे. कोणतीही जाहिरात नाकारायची नाही, तिला वळण लावायचे. कुणी 'डाग जातो' असे लिहून आणले, की आम्ही ते 'डाग जाऊ लागतो' असे करून देतो. 'वजन घटवा' आले, तर 'वजनाची काळजी घटवा'. तळटिपेचे अक्षर मुंगीपेक्षा लहान नसावे, असा कडक नियम आहे. (कोणती मुंगी, हे ठरवायला उपसमिती दर गुरुवारी बसते. चहा चांगला असतो.) गेल्या वर्षी जेवढ्या जाहिराती आल्या तेवढ्या सगळ्या मंजूर झाल्या. आपला समाज किती नीतिमान आहे, याला आणखी कोणता पुरावा हवा?

जिन्याखालच्या खोलीत मंडळाचे प्रमाणित नमुने असतात. प्रमाणित डाग हा एका सदऱ्यावर असून तो आजवरच्या सगळ्या साबणांना पुरून उरला आहे. उंची वाढवणाऱ्या पावडरींसाठी एक प्रमाणित मूल आहे. ते मध्यंतरी आपले आपणच वाढले, त्याला आता स्वतःची दोन मुले आहेत. पण नवीन पद मंजूर नसल्याने दर सोमवारी भिंतीला टेकून उभे राहायला तेच येते. आणि तिसरे, सर्वांत मानाचे, प्रमाणित टक्कल. ते नमुनाकाकांचे.

असे टक्कल नशिबात असावे लागते. कपाळापासून मानेपर्यंत एका लव्हाळ्याचाही अडथळा नाही. काकांच्या नेमणूकपत्रातले पहिलेच कलम 'सेवाकाळात टक्कल अबाधित राखीन' हे होते आणि त्यांनी ते निष्ठेने पाळले. नवीन केशतेल आले की महिनाभर ते त्यांच्या डोक्याच्या डाव्या बाजूला चोळायचे. उजवी बाजू तुलनेसाठी कोरडी ठेवायची. केस यायचे नाहीत. मग आम्ही 'केस उगवतात' हे 'केस उगवल्यासारखे वाटते' असे करायचो आणि तसे वाटल्याची सही काका करायचे. अशी चारशे बारा तेले त्या डोक्यावरून मार्गी लागली. निवृत्तीला दोनच वर्षे उरली होती आणि पेन्शनवर घर चालायचे होते. घरात काकू एकट्याच. काकूंनी नवऱ्याचे केस कधी पाहिलेच नव्हते. लग्नाआधीच ते सगळे गेले होते.

असे सुरळीत चालू असताना एक दिवस रसायनशास्त्राच्या एक निवृत्त बाई कापडी पिशवीत बाटली घेऊन आल्या. तेल त्यांनी घरीच, भावासाठी केले होते. सोबत पाठकोऱ्या कागदावर जाहिरात होती: 'या तेलाने काही जणांना केस येतात. वास वाईट आहे.'

आमच्या कारकुनाने बाकीची जाहिरात कुठे आहे, असे विचारले. बाकीची नव्हती. उपाध्यक्षांनी सुचवले की निदान एखादी तरुणी हवी, वाऱ्यावर केस उडत असलेली. बाई म्हणाल्या, वाऱ्याचे नाव काढू नका, तो सुटला की या तेलाचा वास गल्लीभर होतो.

नियम तो नियम. काकांच्या डाव्या बाजूला तेल चोळले गेले. (खोलीच्या खिडक्या उघडल्या गेल्या. प्रमाणित मुलाने रजा घेतली.) आणि तिसऱ्या आठवड्यात, मंडळाच्या इतिहासात जे कधी घडले नव्हते ते घडले. केस आले.

काकांनी चार दिवस ही गोष्ट लपवली. पहाटे उठून, न्हाणीघराचे दार लावून ते डोके तासायचे. पाचव्या दिवशी कडी नीट लागली नाही आणि काकू आत आल्या. डबा खाताना काकांनी मला हे सांगितले तेव्हा घास त्यांच्या हातातच राहिला होता. काकूंनी वस्तरा बाजूला ठेवला, डाव्या बाजूवरून हात फिरवला, आणि म्हणाल्या, "अहो, राहू द्या की थोडे दिवस. मी तुम्हाला असं कधी बघितलंच नाही."

राहू दिले. आठवड्याभरात कार्यालयात ओरड झाली.

मंडळाला वाटले होते, आता चारशे बारा कंपन्या तोंड लपवतील. धंद्याची आमची समज अजून कच्ची होती. दुसऱ्याच दिवशी चारशे बारा अर्ज आले. त्या डोक्याला आपलेही तेल लागले होते, तेव्हा आलेले केस आपलेच, उशिरा आलेले, असे प्रत्येकीचे म्हणणे. न्याय करणे भाग होते. दोन कारकून आणि एक कंगवा देऊन केस मोजले गेले आणि भरलेल्या शुल्काच्या प्रमाणात वाटले गेले. बाईंनी सवलतीचे शुल्क भरले असल्याने त्यांच्या वाट्याला कानामागचे सात आले. काकांचा समोरून एक फोटो काढला. त्याच्या एका अर्ध्यावर 'आधी' आणि दुसऱ्यावर 'नंतर' असे छापून तो सर्व कंपन्यांना बाटलीवर लावायला दिला. फोटो खरा होता, ही आमच्या दृष्टीने मोठीच प्रगती.

बाईंची जाहिरात मात्र नाकारली. मंडळाने नाकारलेली ती पहिलीच. टिपणी माझी आहे आणि भाषा मला अजूनही आवडते: 'प्रस्तुत जाहिरातीत अतिशयोक्ती नसल्यामुळे इतर जाहिरातींत ती असावी, असा गैरसमज जनतेत पसरण्याचा संभव आहे.'

काकांबद्दल वेगळा आदेश निघाला. डोक्याची डावी बाजू प्रसिद्धी विभागाकडे, उजवी चाचणी विभागाकडे. निवृत्तीपर्यंत दोन्ही जशा आहेत तशा ठेवाव्यात. अध्यक्षसाहेबांनी पाठीवर हात ठेवून समजावले, "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, काका. पेन्शन एकदा सुरू झाली की मग काय हवं ते उगवा."

काकांनी मान हलवली. घरी जाताना मात्र वाट वाकडी करून ते बाईंच्या दारी गेले. उजव्या बाजूला तेल काकूंनी स्वतःच्या हाताने चोळले, नाकाला पदर लावून, रोज. महिनाभर काका टोपी घालून कामावर आले, आणि एका सकाळी टोपी न घालता. केस फार काही विशेष नव्हते. करडे, मागे जरा कुरळे. पण व्हरांड्यातल्या आरशासमोर त्यांनी जरुरीपेक्षा जास्त वेळ भांग पाडला, आणि त्यांना हटकायची हिंमत त्या दिवशी कुणाला झाली नाही.

दुसऱ्या दिवशी झाली. 'मंडळाच्या मालमत्तेची जाणूनबुजून नासधूस' या सदराखाली काकांची नोकरी गेली आणि पेन्शनही. ती टिपणीही मीच लिहिली. मला फार वाईट वाटले, जेवण गेले नाही. (दुसऱ्या दिवशी गेले.)

हल्ली काका एका मोठ्या दुकानात उभे असतात. दुकानदाराने केशतेलांच्या फळीपुढे त्यांना हातभर जागा दिली आहे. तिथे ते बाईंच्या बाटल्या विकतात. येणाऱ्याला सांगतात, "मला पूर्ण टक्कल होतं. या तेलानं केस आले. वास वाईट आहे." लोक त्यांच्या भरल्या डोक्याकडे बघतात आणि हसतात. केस असलेल्या माणसाने केसांचे तेल विकावे, यात नवल ते काय. दुपारी काकू डबा घेऊन येतात आणि विस्कटलेला भांग पुन्हा पाडून देतात. केस आले म्हणून हा माणूस काही देखणा दिसत नाही, असे त्या मला म्हणाल्या, पण म्हणताना त्यांचा हात काही त्या डोक्यावरून निघत नव्हता. घर कसे चालते, ते मी विचारले नाही.

काकांना तुम्ही भेटला आहात. गेल्याच आठवड्यात. तुम्ही म्हणालात, "काका, जरा बाजूला होता का? मागची ती फोटोवाली बाटली हवी होती." काकांनी ती स्वतःच काढून तुमच्या हातात दिली. तुम्ही फोटो उजेडात धरून नीट निरखलात, खात्री करून घेतलीत, आणि त्यांच्याकडे न बघताच 'थँक्यू' म्हणालात.