गुंडूमामांचा कॉफीबंदीचा प्रयोग

आमचे शेजारी गुंडूमामा लग्नाला निघाले की एक वेळ आहेर विसरत, पण स्वतःच्या कॉफीच्या डिकॉक्शनचा पितळी तांब्या विसरत नसत. मांडवातली कॉफी नुसती हुंगून ते परत करत आणि यजमानाकडे असं बघत, की त्या बिचाऱ्याला मुलगी चुकीच्या घरी दिल्यासारखं वाटे.

त्यांची हयात आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात दाणे निवडण्यात गेली होती. निवृत्त होऊन कुंभकोणमला आल्यावर भाताच्या जागी कॉफीच्या बिया आल्या, एवढाच फरक. मामी गेल्यापासून घरात एकटेच. सकाळी ओसरीवर बसून एकेक बी उजेडात धरून बघायचे. मग भाजणी सुरू झाली, की त्या वासानं गल्लीला जाग यायची.

माझी सरोजा आठ महिन्यांची झाली तरी रात्री तासातासाला उठत होती. झोपेवाचून मी इतकी पिचले होते, की एकदा सांबारात मिठाऐवजी साखर घातली. घरात ज्याला जे सुचेल ते चाललं होतं. वेखंड झालं, दृष्ट काढून झाली, साडीची झोळी तीन खोल्यांतून फिरली. आणि तग धरायला मी दिवसाला सहा-सात टंब्लर कॉफी पीत होते.

एक दिवस मामा वही घेऊन आले.

"एक वेळी एकच बदलाच," हे त्यांच्या कुंभकोणमी मराठीत केंद्रातलं ब्रीद. "सगळंच बदललं तर पीक कशानं आलं, कसं कळाच? झोळी असूदे, वेखंड असूदे. तुझी कापी बंद. तूं पितीस, दुधातून ही मांडीवरली पापा पिते."

"कॉफी सोडायला तुम्ही सांगताय, मामा?"

"दहा दिवस," ते म्हणाले आणि वहीत तारीख घातली.

तीन दिवस माझं डोकं ठणकत होतं. मनातल्या मनात मी मामांना नाही नाही ते बोलले. रोज सकाळी ते भिंतीवरून विचारायचे, "रात्री कितीदां उठली?" मी बोटं दाखवायची. आधी पाच, मग तीन, मग दोन. नवव्या दिवशी मी मूठ मिटून दाखवली. "एक दिवसाचं खरं नव्हें," मामा म्हणाले. दहाव्या दिवशीही मूठच होती, आणि मला रडू आलं.

अकराव्या सकाळी जाग आली ती कॉफीच्या वासानं. दहा दिवस हा वास आलाच नव्हता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दार उघडलं तर मामा दोन टंब्लर घेऊन उभे.

"मामा, तुम्हीही बंद केली होतीत? मग दोन गोष्टी बदलल्या की. प्रयोग फुकट गेला तुमचा."

मामांनी एक टंब्लर माझ्या हातात दिला. "वास आला असता तर तुला राहवलं नसतं," ते म्हणाले. "अर्धीच पी. मामी गेली तरी मी दोन टंब्लर भरतों. एक तसाच निवून जातो."

ते माझ्या शेजारी ओसरीवर बसले, आणि मी पहिला घोट घेईपर्यंत त्यांनी आपला टंब्लर उचलला नाही.