मिसळचं वजन

दर रविवारी सकाळी सात वाजता, पोट रिकामं असताना मिसळचं वजन करायचं, असा अरुणा मगदूमांचा नियम होता. कुत्रं एकटं काट्यावर उभं राहत नसे. पायाला काच गार लागली की ते सरळ बसायचं आणि शेपूट फरशीवर टेकवायचं. म्हणून बाई त्याला उचलून स्वतःच काट्यावर चढत आणि आलेल्या आकड्यातून अठ्ठावन्न वजा करत. अठ्ठावन्न हे बाईंचं वजन. अकरा वर्षं ते हललं नव्हतं, आणि वहीच्या पहिल्या पानावर चौकटीत लिहून ठेवलेलं होतं.

"किती?" त्यांचे यजमान जयपाल यांनी पेपरामागून विचारलं.

"पंधरा. सात आठवड्यांत तीन किलो गेलं. म्हणजे सहावा हिस्सा."

"अगं, ढोलागत दिसतंय की ते."

"अंग खंगलं की पोट पुढं दिसतं."

मिसळला चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीनं, रुचितानं, शिरोली एमआयडीसीतल्या आपल्या कारखान्याच्या गेटवरून उचलून आणलं होतं. आई गावठी, बाप बहुधा कुठल्यातरी बंगल्यातला लॅब्रेडॉर. कान एकाचे, पाय दुसऱ्याचे, म्हणून नाव मिसळ. सात आठवड्यांपूर्वी रुचिता नव्या नोकरीसाठी बंगळूरला गेली. जाताना कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून म्हणाली, "आई, ह्याला जप. ह्याला काय झालं तर माझं तिथं मन लागायचं न्हाई."

बाईंनी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. जपायचं म्हणजे आधी मोजायचं, एवढं त्यांना कळत होतं. वाटीतला भात त्या मोजून घालत. नाक ओलं आहे का, हिरड्या गुलाबी आहेत का, सगळं वहीत होतं. संध्याकाळी मात्र वही आत राहायची. पावणेसहाला मिसळ फाटकाशी जाऊन बसे. ती रुचिताच्या स्कूटरची वेळ. स्कूटर आली की पूर्वी सगळे दिवस मावळायच्या आत जेवायला बसत, कारण त्यांच्या जैन घरात रात्री खायची रीत नव्हती. आता जयपाल आत जेवून घेत, आणि बाई ताट घेऊन कुत्र्याशेजारी पायरीवर बसत. फोन आला की बोलत बोलत जेवू, असा विचार. फोन सव्वासातला येई, रुचिताची मीटिंग संपली की. तोवर दिवस मावळलेला असे. कांदा-लसूण नसलेलं ते ताट कुत्र्याला चालण्यासारखं होतं. वाया कशाला घालवायचं?

फोनवर रुचिता हल्ली "मी जेवले, मी निघते" असं बोलायची. कोल्हापुरात ती "जेवलो, निघतो" म्हणायची, आणि बाई चोवीस वर्षं "जेवले, निघते" असं दुरुस्त करत आल्या होत्या. आता दुरुस्त करायला काही उरलं नव्हतं. फोन लवकर संपायचा.

वजन उतरू लागल्यावर बाईंनी मिसळला जंताचं औषध दिलं. मग भातावर तूप. मग लघवीच्या तपासणीसाठी त्या स्वयंपाकघरातली जुनी पळी घेऊन दोन दिवस त्याच्या मागं फिरल्या. मिसळ पाय उचलायचा, पळी दिसली की खाली ठेवायचा.

शेजारचे हंबीरराव कुंपणावरून बघत होते. "वहिनी, पळी घिऊन कसली पूजा चाललीया?"

"नमुना हवाय."

"त्यो सवताच नमुना हाय की. चार दिवस पांढरा रस्सा पाजा, उड्या मारंल."

बाई पळी घेऊन पुढं सरकल्या. मिसळनं मात्र हंबीररावांकडं प्रथमच आदरानं पाहिलं.

जनावरांचा डॉक्टर कृष्णात हा बाईंचाच विद्यार्थी. त्याच्या दवाखान्यातला काटा बिघडला होता, त्यामुळं वजनापुरती सगळी भिस्त बाईंच्या वहीवर होती.

"दिसायला तर चांगलं दिसतंय की बाई."

"दिसण्यावर जायचं का मापावर?"

याच प्रश्नाला चुकून कृष्णात नववीत तासभर बाकावर उभा राहिला होता. "मापावर बाई," असं म्हणून त्यानं मुकाट्यानं रक्त काढलं. रिपोर्टमध्ये काहीच निघालं नाही. बाई आणखी घाबरल्या, कारण म्हणजे दुखणं अजून सापडलेलंच नव्हतं.

त्या रविवारच्या पंधरानंतर जयपालांना राहवलं नाही. त्यांनी बाईंसमोरच स्पीकरवर रुचिताला फोन लावून सगळं सांगून टाकलं.

"मी राजीनामा देते," ती म्हणाली.

बाईंना एकदम आनंद झाला, आणि त्याची त्यांना लगेच लाज वाटली. ही नोकरी मिळवायला पोरीनं दोन वर्षं घातली होती. "उद्या डॉक्टरकडं जातोय," त्या म्हणाल्या. "तोवर थांब."

सोमवारी पाचला तिघं दवाखान्यात गेले. नवा काटा आला होता, जमिनीलगतचा, भला रुंद. मिसळ त्यावर शेपटीसकट बसला.

"वीस," कृष्णात म्हणाला.

"काटा चुकतोय."

"कालच आलाय बाई. शून्य बघितलंय मी."

"माहीत असलेलं वजन ठेवून बघितलंस? सरक. मी अठ्ठावन्न आहे." बाई चढल्या. आकडा त्रेपन्नावर थांबला. "बघ. पाच किलो कमी दाखवतोय."

"कमी दाखवत असला, तर मिसळ पंचवीस झालं की बाई."

बाई खाली उतरल्या. जयपाल चप्पल काढून काट्यावर चढले. सकाळीच शुगरच्या डॉक्टरांकडं त्यांचं बहात्तर भरलं होतं. इथंही बहात्तर.

बाईंनी वही उघडली. वीस आणि त्रेपन्न, त्र्याहत्तर. कालचा आकडा तोच होता. त्यातून अठ्ठावन्न गेले, पंधरा. वजाबाकी कुठंच चुकली नव्हती.

"बाई, तुम्हीच सांगायचा," कृष्णात चाचरत म्हणाला. "कायम धरलेलं असतंय ते आधी तपासा म्हणून. संध्याकाळचं जेवताय न्हवं?"

"जेवती की," जयपाल म्हणाले. "रोज ताट घिऊन भाईर पायरीवर..." आणि ते मधेच थांबले.

तिघांनीही मिसळकडं पाहिलं. त्यानं ओठ चाटले.

तेवढ्यात रुचिताचाच फोन आला. जयपालांनी स्पीकर लावला.

"किती आलं?"

"वीस. दोन किलो वाढलंय," ते म्हणाले. "राजीनामा नको."

"मग कमी कोण झालं?"

"तुझी आई. तुझा फोन येईतोवर दिवस मावळतोय, आन् ताट ह्याला जातंय," जयपाल म्हणाले. मग तिचा आवाज आला, थेट शिरोलीच्या गेटवरून यावा तसा.

"आई, पावणेसहा झालेत. घरला जा, ताट घे. मी परत फोन करतो. आता रोज ह्याच वेळेला करतो, मीटिंग गेली खड्ड्यात. तुझं जेवण झालं की मगच ठेवतो."

'करते, ठेवते' हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं. दिवस अजून मावळला नव्हता. सात आठवड्यांत संध्याकाळी त्यांच्या पोटात गेलेलं ते पहिलंच काहीतरी होतं.