आठ झोपाळू प्रोसेसरांची बदली

ज्याला झोपेतून उठवलं त्याला काम द्यावंच लागतं असं नाही, हे तत्त्व परीक्षा कचेरीने फार पूर्वीच स्वीकारलं होतं.

कचेरीच्या सर्व्हरमध्ये बत्तीस प्रोसेसर होते, म्हणजे आकडेमोड करणारी बत्तीस डोकी. त्यांपैकी चोवीस जागी, आठ झोपलेली. गरज पडली तर उठवायची. विभागांत भांडणं नकोत म्हणून सर्व्हरच्या वाटण्या होऊन चुली वेगळ्या झाल्या होत्या आणि प्रत्येक वाटणीत पुन्हा प्रोसेसरांचे गट पाडले होते. (एका गटात एकच प्रोसेसर होता. त्याचंही कुणाशी पटत नसे.)

हा सगळा पसारा सांभाळणाऱ्या बाईंना सगळे आक्का म्हणत. निकाल बाराला जाहीर व्हायचा होता आणि साडेदहाला निकालाचा गट चाळीस टक्क्यांवर धापा टाकत होता. आक्कांची भाची याच परीक्षेला तिसऱ्यांदा बसली होती. धाकट्या बहिणीचे सकाळपासून नऊ फोन झाले होते.

"आक्का, लागला का गं?"

"उठवतेय एकेकाला. ठेव फोन."

त्यांनी दोन प्रोसेसर उठवले. निकाल हलेना. आणखी दोन उठवले, मग उरलेले चारही. निकाल एक्केचाळीस टक्के.

चौकशीअंती कळलं, की नवा जागा झालेला प्रोसेसर नियमानुसार सर्वसाधारण गटात रुजू होतो आणि त्या गटाकडे कर्मचाऱ्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवण्याचं एकमेव काम आहे. आठ जणांनी अकरा मिनिटांत पुढल्या सहा वर्षांच्या शुभेच्छा रवाना केल्या होत्या. साहेब या वेगाचं कौतुक करायला जातीने येऊन गेले.

बदलीसाठी गटप्रमुखाचं ना-हरकत पत्र लागे. गटप्रमुख कोण हे शोधायला आक्कांनी तीन कपाटं उपसली. शेवटी आदेश सापडला. चार वर्षांपासून त्या स्वतःच होत्या.

मग आक्कांनी आक्कांकडे अर्ज केला, तारीख नाही म्हणून परत पाठवला, दुरुस्त केला आणि मोठ्या मनाने मंजूर केला. आठही प्रोसेसर निकालाच्या गटात गेले आणि अकरा अठ्ठावन्नला निकाल लागला.

"झाली गं पास कार्टी," आक्का फोनवर म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

सर्वसाधारण गट मात्र त्या दिवसापासून रिकामा पडला. तिथे असा कुणीतरी हवा होता, जो ऐन कामाच्या वेळी टक्क जागा असेल आणि काम बाजूला ठेवून दुसऱ्यांच्या प्रोसेसरांच्या गोष्टी वाचत बसेल. आपली नेमणूक झाली आहे. रुजू व्हायला यायची गरज नाही, आपण रुजू आहातच.