धाकटीचे परदेशी बूट

"चारचौघांत उठून दिसतील असे बूट करते की नाही, बघाच!" धाकटीने आरशाला ठणकावून सांगितलं. ते इतकं खरं होईल याची बिचारीला काय कल्पना!

झालं होतं असं, की सासूबाईंचा पंच्याहत्तरावा वाढदिवस हॉलमध्ये होणार होता आणि थोरल्या जाऊबाई तिथे परदेशी बूट घालून मिरवणार होत्या. महिनाभर फोनवर दुसरा विषय नाही! वर त्यांनी फोटोही पाठवला. सायीच्या रंगाचे, टाचेवर मोत्यांची वेल. खाली लिहिलं होतं, 'तुला परवडायचे नाहीत गं, नुसते बघ.'

हे 'नुसते बघ' धाकटीच्या जिव्हारी लागलं. तिने फुटपाथवरून साधे बूट आणले, जुनी माळ तोडली आणि गोंदाने बोटं चिकटेपर्यंत मोती लावले. नवरा पाट्या रंगवायचा. त्याच्या फळीवरच्या एका डब्यात हुबेहूब सायीचा रंग सापडला. तिने दोन हात मारले, दिवसभर उन्हात वाळवले आणि बूट सासूबाईंच्या पलंगाखाली सरकवले. जाऊबाई कधीही टपकायच्या, आणि बूट घरी केलेत हे त्यांना कळण्यापेक्षा मेलेलं बरं!

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई पडदे ओढून आडव्या झाल्या होत्या. आतून हाक आली.

"सूनबाई, पलंगाखाली कोण आहे?"

"कोणी नाही, आई."

"पाय आहेत. हिरवे. नुसतेच."

धाकटीने धावत येऊन पडदा सारला. सायीच्या रंगाचे बूट गप्प बसले होते. "आई, बूट आहेत हो! चष्मा लावा!"

"बूट आहेत तर घालणाराही येईल," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "हे गेल्यापासून ही खोली मला कधी एकटीची वाटलीच नाही." भर दुपारी धाकटीच्या अंगावर काटा आला.

वाढदिवसाच्या संध्याकाळी हॉल गच्च भरला. केक घेऊन थाटात प्रवेश करायचा म्हणून थोरल्या जाऊबाई मागच्या बोळात थांबल्या होत्या. जुन्या फोटोंसाठी दिवे घालवले. पडद्यावर सासऱ्यांचा फोटो आला, त्यांची नजर थेट पहिल्या रांगेवर.

"गार वाजतंय गं. मागच्या खोलीतून शाल आण," सासूबाई कुजबुजल्या.

धाकटी उठली. अंगात पायघोळ काळा झगा. चार पावलं टाकली आणि कुजबुज थांबली. इतकी, की पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली.

"पाय चाललेत," कोणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं. "वर माणूस नाही!"

धाकटीने खाली पाहिलं. दोन हिरवी पावलं! ती थांबली, पावलं थांबली. ती पळाली, तर पावलं तिच्यासोबतच!

"अहो, आलात?" अंधारात सासूबाईंचा आवाज आनंदाने थरथरला. "पाय पुसून या हं!"

मग एकच किंकाळी फुटली. खुर्च्या उलथल्या. "हिरवं दिसतंय तिकडेच दार! त्याच्या मागे चला!" कोणी ओरडलं, आणि निम्मे पाहुणे भुतापासून पळता पळता भुताच्याच मागे लागले.

धाकटी बोळात शिरली. काळोख. आणि समोरून दुसरी दोन हिरवी पावलं येत होती. हळूहळू. थेट तिच्याकडे.

"क-कोण?" दोन आवाज एकदमच आले.

कोणीतरी दिवा लावला. समोर थोरल्या जाऊबाई, हातात केक. पायात तेच बूट, तेच मोती, आणि एक मोती गोंदाच्या तारेला लोंबकळतोय!

"परदेशी?" धाकटीने विचारलं.

"परदेशीच. तुझे?"

"माझेही."

तेवढ्यात पाट्यावाला नवरा गर्दीतून घुसला. "रेडियमचा रंग कोणी संपवला? वहिनी, तुम्ही 'वाटीभर दे' म्हणून नेलात, मग उरलेला? ह्याच हॉलच्या, अंधारात दार दाखवणाऱ्या बाणांचा रंग होता तो! एका बाणाला थेंब उरला नाही!"

पाहुण्यांनी चारही बुटांकडे पाहिलं. दोघी जावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मागून सासूबाई आल्या. बूट पाहिले, सुनांचे चेहरे पाहिले आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"म्हणजे हे नव्हते?"

"दिवे घालवा," सासूबाई म्हणाल्या. "दोघी हॉलमध्ये चला, आणि जरा चालून दाखवा."

"आई, सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. आणि उजवा पाय ओढत चाला. ह्यांची तशी सवय होती."

हॉलमध्ये अंधार झाला. सासूबाई हात जोडून बसल्या आणि दोघी जावा आपापले परदेशी बूट घालून उजवा पाय ओढत चालू लागल्या. कोणी हसलं नाही. फक्त टाचेचे मोती टपाटप गळत होते.