पाइपवाले वानखेडेभाऊ

वानखेडेभाऊ सुट्टीवर आले की प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत बायका तुळशीच्या कुंड्या उचलून आत ठेवत. माणूस सज्जन, सुपारीचंही व्यसन नाही. पण कोवळं रोप दिसलं की त्यांचे हात शिवशिवत. माझ्या जास्वंदीचा फुटवा त्यांनी माझ्याशी बोलता बोलता उपटला आणि वर मलाच समजावलं, "मुळं लय खतरनाक असतेत, मास्तर. पायपाले खातेत."

आमच्या गल्लीखाली पाइप नव्हता. पाइप होता तिकडे मध्य प्रदेशात; सरकारी कंपनीने नुकताच जमिनीत पुरलेला, नैसर्गिक वायूचा. त्याच्या आठ-दहा किलोमीटरच्या तुकड्यावरून रोज पायी जायचं, कोणी खोदतंय का बघायचं, गवत अचानक पिवळं पडलं तर कळवायचं आणि झाड उगवलंच तर ते लहानपणीच काढायचं, ही भाऊंची नोकरी. वर्षातून एकदा, आंब्याच्या दिवसांत, ते महिनाभर घरी येत.

गॅस कंपनीत आहेत म्हटल्यावर शेजारणी त्यांच्याकडे सिलिंडरसाठी वशिला मागत. भाऊ दुखावत. "तो गॅस वेगळा वं वहिनी. आमचा जमिनीखालून जाते. आवाजही करत नाही." हे सांगताना चेहरा असा, की घरच्या गुणी सुनेचंच कौतुक चाललंय.

त्या वर्षी मात्र सगळ्यांचं हसू जिरलं. आल्याच्या दुसऱ्याच सकाळी भाऊंनी सवयीने स्वतःच्या कुंपणाजवळचं वीतभर रोप उपटून फेकलं. ते आंब्याचं होतं, आणि त्यांच्या आठ वर्षांच्या सुनीताचं होतं. गेल्या सुट्टीत निघताना बाबांनी खाल्लेल्या आंब्याची कोय तिने लावली होती. बाबांना दाखवायचं म्हणून वर्षभर पाणी घातलं होतं.

सुनीताने त्यांच्याशी बोलणंच टाकलं. भाऊंनी सीताबर्डीच्या बाजारातून रिबिनी आणल्या, संत्र्याची बर्फी आणली, तिला अंबाझरीच्या तलावावर फिरायला नेलं. पोरगी सोबत गेली, बर्फीही खाल्ली, पण तोंडातून एक अक्षर काढलं नाही. सुट्टी संपत आली तसं भाऊंचं जेवणावरचं लक्ष उडालं.

एका संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. "मास्तर, तिकडं दिवसभर माणूस दिसत नाही. मी चालता चालता माह्या पोट्टीशीच बोलत राहतो. घरी गेल्यावर तिले काय सांगाचं ते पाठ करून ठेवतो. अन् इथं येऊन काय करून बसलो मी?"

त्यांचे डोळे भरून आले. मी या माणसाची किती टर उडवली होती! मला माझीच लाज वाटली.

निघायच्या दिवशी रिक्षा दारात उभी, आणि भाऊ पायरीवर बसून आंबा चोखतायत. बायको घड्याळ दाखवत होती. भाऊंनी कोय धुतली आणि सुनीतापुढे धरली.

"कुठं लावू? तू सांग."

तिने कुंपणाजवळची तीच जागा बोटाने दाखवली. भाऊंनी प्रवासाच्या कपड्यांतच गुडघे टेकले, हातांनी माती उकरली, कोय पुरली.

"आता उपटसान नाही नं, बाबा?"

"नाही वं माय." भाऊंनी हातांची माती झटकली. "पण आता ही तुही ड्यूटी. रोज पाहाचं अन् मले पत्रात लिहाचं."

"अन् काही झालंच नसलं तं?"

"तरी लिहाचं," रिक्षात चढता चढता भाऊ म्हणाले. "काही झालं नाही, एवढंच लिहिलं तरी मले पुरते."