यंदा धूळ कमी हाय

कुवेतच्या मंगफ भागातल्या आमच्या इमारतीत धुळीचं वादळ ओसरलं की दारावरची पहिली थाप बिराजदारांची असते. डोळ्यांवर कामावरचा गॉगल, नाकावर मास्क, एका हातात लोणच्याची रिकामी बरणी, दुसऱ्या हातात रंगाऱ्याचा मऊ ब्रश. आपण केरसुणी घेऊन बाल्कनीकडे निघालेलो असतो आणि हे दारातूनच हात वर करतात.

"थांबा की ताई. फेकायलाव व्हय? आधी मला घेऊ द्या."

घ्यायची असते आमच्या बाल्कनीतली धूळ. ती ते ब्रशने अलगद बरणीत भरतात, बरणी जमिनीवर तीनदा आपटतात, धूळ खाली बसली की चमच्याच्या पाठीने दाबतात, मग पेनने पातळीची रेघ मारतात. बरणी उजेडात धरतात आणि म्हणतात, "यंदा कमी हाय."

दरवर्षी कमी. एकदा तर समोरची मशीद दोन दिवस दिसली नव्हती, लिफ्टमध्येसुद्धा धुळीचा थर होता. त्याही वेळी हेच. मी बँकेत आकडे आणि सह्या तपासण्याचं काम करते. चमच्याने दाबून पातळी खाली आणायची हा प्रकार मला सहन होत नसे, पण मी बोलले नाही. बोलणं हा माझा गुण नाही. हे लिहायला बसलेय ते न बोललेलं एक फार दिवस घशाशी अडकलंय म्हणून.

सूर्यकांत बिराजदार मूळचे लातूरकडचे. दक्षिणेकडच्या तेलाच्या पट्ट्यात सेफ्टी इन्स्पेक्टर. घरीही इन्स्पेक्टरच. जिन्यात कुणाची चप्पल आडवी दिसली तर ती सरळ करून वर दाराची बेल वाजवून सांगतील, "तुमची चप्पल पडता पडता वाचली." पण हॉलमध्ये एक अख्खी भिंत बरण्यांची. प्रत्येकीवर लेबल: तारीख, मजला, वाऱ्याची दिशा, कुणाची बाल्कनी. वायव्येची धूळ तांबूस, दक्षिणेची फिकट पिवळी, रस्त्याच्या बाजूची करडी. या धुळीच्या ते रांगोळ्या काढत. रांगोळी त्यांना आईकडून आली. घरात मुलगी नव्हती, म्हणून दिवाळीत अंगण यांच्या वाट्याला यायचं.

आमच्या इमारतीत कुवेतबद्दल एकमत कधीच झालेलं नाही. काहीजण म्हणतात, संध्याकाळी समुद्रावर फिरा, शुक्रवारी दस्मानकडच्या जुन्या घरांतली चित्रं बघा, नाटकाच्या तालमीला जाऊन बसा, असं शहर मिळायला नशीब लागतं. तेच लोक जुलैत नळाला उकळतं पाणी आलं की शहराच्या सात पिढ्या उद्धरतात. माझी लेक म्हणते, "मम्मी, आय अ‍ॅम फ्रॉम हिअर," आणि माझ्या मिस्टरांच्या मोबाइलवर ठाण्याचं तापमान कायम उघडं असतं. बिराजदार कुठल्याच बाजूला नाहीत. ते म्हणत, "मी कशाला नावं ठेवू? माझ्याकडं तर शहरच बरणीत हाय."

त्यांच्या पत्नी शकुंतलाताई सहा वर्षांपूर्वी लातूरला गेल्या त्या परत आल्या नव्हत्या. शेती बघायला गेल्या, असं सगळे म्हणत. सगळे म्हणत म्हणून मीही म्हणत असे.

गेल्याच्या मागच्या ऑगस्टमध्ये ते महिनाभर रजेवर गेले आणि किल्ली माझ्याकडे दिली. सोबत चौदा सूचनांचा कागद. पंखा लावू नये. खिडकी उघडू नये. शिंक आल्यास जिन्यात जाऊन शिंकावे. मी हसले आणि कागद फ्रिजवर लावला.

पंधरा दिवसांनी त्यांच्या घरात गेले. सगळं जागच्या जागी होतं. फक्त बरण्यांच्या झाकणांवर धूळ बसली होती.

आता वाचकांनीच सांगावं, हातात फडकं असलेल्या बाईने काय करायचं? मी धुळीच्या बरण्यांवरची धूळ पुसायला घेतली. अकरावी की बारावी बरणी हातातून सटकली, फरशीवर फुटली, आणि माझ्या हातांनी मला न विचारता जे आयुष्यभर केलं तेच केलं. काचा उचलल्या, बाकी सगळं ओल्या फडक्याने लख्ख पुसून काढलं, फडकं सिंकमध्ये पिळलं. मग काचेच्या एका तुकड्यावर चिकटलेलं लेबल वाचलं.

"शकूनं झाडलेली. विमानतळावर जायच्या आधी."

मी तिथेच फरशीवर बसले. सिंककडे बघितलं. पाणी केव्हाच गेलं होतं.

खरं सांगायला एक फोन पुरला असता. त्याऐवजी मी तशीच बरणी आणली, मंगफच्या किनाऱ्यावरून वाळू आणली. ती फार चमकायची. पांढरी पडायची. मला त्या धुळीचा रंग पक्का आठवत होता, भाजलेल्या रव्याचा. म्हणून रवाच भाजला. त्यात चिमूटभर हळद, जराशी कॉफी, अर्धी वाळू. लेबल नवीन लिहिलं. वीस वर्षं लोकांच्या सह्या तपासलेली मी, त्या दुपारी पहिल्यांदा दुसऱ्याचं अक्षर गिरवलं. आणि चांगलं गिरवलं. चमच्याने दाबून, रेघसुद्धा मारली.

ते परत आले, भिंतीपुढे उभं राहून बरण्यांवर नजर फिरवली आणि माझ्या हातात चिवड्याचं पाकीट दिलं. म्हणाले, "लय निगा ठेवलीत ताई." तो चिवडा मला आठवडाभर गिळवला नाही.

हिवाळ्यात दस्मानजवळच्या एका जुन्या घरातल्या कलादालनाने ठरवलं, शहरात राहणाऱ्यांनीच शहराबद्दल केलेल्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं. इमारतीतल्या पोरांनी बिराजदारांचं नाव परस्पर घातलं. त्यांनी महिनाभर सुट्टीच्या दिवशी अम्गराच्या भंगारबाजारात फेऱ्या मारल्या आणि एका बंद पडलेल्या बेकरीचं काचेचं शोकेस उचलून आणलं. त्याच्या एकूण एक फटी सिलिकॉनने बुजवल्या. आम्ही विचारलं, रांगोळीला एवढा बंदोबस्त कशाला? म्हणाले, "एक पाहुणी येणार हाय. कणसुद्धा उडाला नाही पाहिजे."

रांगोळी होती आमच्या इमारतीची. पाच मजले, वीस बाल्कन्या, आणि प्रत्येक बाल्कनी तिच्या स्वतःच्या धुळीने भरलेली. उद्‌घाटनाला अख्खी इमारत नटून आली. ज्याला त्याला आपली बाल्कनी सापडेना, सापडली की पटेना. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, आमची धूळ शेजारच्यांपेक्षा गोरी दिसतेय, बिचाऱ्यांची रस्त्याची बाजू ना. शेजारच्यांनी ऐकलं. कलादालनाच्या कुवेती बाई हे भांडण इतक्या कौतुकाने बघत होत्या की तेही प्रदर्शनातलंच असावं.

तिसऱ्या मजल्यावर, कपड्यांच्या दोरीखाली, बिराजदारांची बाल्कनी. बदामी रंगाची.

तेवढ्यात पाहुणी आली. इरकलीतली बारीकशी बाई, पदर नाकाशी, हातात दम्याचा पंप. शकुंतलाताई. पंधरा दिवसांच्या व्हिसावर आल्या होत्या. बिराजदार त्यांना काचेपाशी घेऊन आले आणि पट्टी घेऊन एकेक बाल्कनी दाखवू लागले, साइटवर नवीन माणसाला आग विझवायचं शिकवतात तसे. तिसऱ्या मजल्यावर येऊन त्यांचा आवाज उतरला. "आणि ही तुझी. तू जाताना झाडलेली."

त्या वाकल्या. मग म्हणाल्या, "अहो, हे चालायलंय."

खरंच चालत होतं. दिव्यांच्या उबेने जागे होऊन, बाल्कनीच्या मधोमध तीन पोरकिडे. एक कपड्यांच्या दोरीवर चढला होता. रव्यात होतात ते पोरकिडे, आणि ही धूळ नसून रवा आहे, हे त्या दालनात ठाऊक असणारी एक मी होते. दुसरी कोण, ते थोड्या वेळाने कळलं.

कुवेती बाई धावत आल्या. हे किडे मुद्दाम ठेवलेत का, की त्या बेकरीच्या शोकेसमधून आले, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. बिराजदारांनी गॉगल कपाळावर चढवला. मला वाटलं, संपलं. पण त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला तिकडे बघवेना. ते शांतपणे म्हणाले, "रेसिडेंट्स, मॅडम." मग आमच्याकडे वळले. "सहा वर्षं बंद बरणीत होती धूळ. पण हिच्या हातची. हिनं झाडलेल्या धुळीत पण जीव राहतो बघा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, दुसरं काय करणार होते? बिराजदारांना पोरांनी फोटोसाठी ओढून नेलं आणि काचेपाशी आम्ही दोघीच उरलो.

शकुंतलाताईंनी माझ्याकडे न बघता विचारलं, "किल्ली तुमच्याकडंच होती की. किती भाजला होता?"

माझ्या तोंडून एवढंच आलं, "बदामी होईपर्यंत."

"कमी भाजला. अजून पाच मिनिटं ठेवायचा. मग किडं होत नाहीत."

मी सगळं सांगून टाकलं. फडकं, सिंक, हळद, लेबल. त्या पंपाचा एक फवारा घेऊन हसत राहिल्या, डोळ्यांना पदर लावला. मी म्हणाले, त्यांना आत्ताच सांगते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"नका. आत्ता नका. दम्यानं काढलं मला इथून, ताई. डॉक्टर म्हणाले, धुळीत राहू नका. तवापासून दर वादळाला यांचा फोन. यंदा कमी हाय शकू, पुढच्या साली येशील. मला बातम्यांत दिसतं की सगळं. बाई, मोटारी दिसत नव्हत्या एकदा. मी म्हणते, हो, कमी हाय."

आत्ता मला तो चमचा कळला. ती दाबून खाली नेलेली रेघ, ते वीस घरांचे दरवाजे वाजवणं. माणूस आमची धूळ नेत नव्हता. बायकोला परत आणायची वाट किती उरली ते मोजत होता, आणि माप स्वतःच चोरत होता.

पंधरा दिवसांनी त्या गेल्या. जायच्या सकाळी नाकाला दुहेरी पदर बांधून, नवऱ्याचं न ऐकता, त्यांनी बाल्कनी झाडली. बिराजदार खाली वाकून बरणी धरून उभे होते. ही बरणी शेल्फवर वरच्या कप्प्यात आहे, आणि तिच्याभोवती मोटारीच्या सीटच्या फोमची गादी आहे. पुन्हा रजेवर गेले तेव्हा किल्ली माझ्याकडेच दिली. सूचना आता पंधरा आहेत.

बिराजदार मराठी वाचतात, हेही वाचतील. तर साहेब, तो रवा होता. शकुंतलाताई "आत्ता नका" म्हणाल्या होत्या, त्याला वर्ष झालं, आणि मागच्या आठवड्यात फोनवर त्याच म्हणाल्या, लिहा आता, हसतील ते. हसला नाहीत तरी माझं चुकलंच.

परवा पुन्हा वादळ झालं. दुपारी तीनला दिवे लावावे लागले. ओसरल्यावर थाप पडली. गॉगल, मास्क, बरणी, आणि या वेळी खिशातून डोकावणारा मोबाइल, व्हिडिओवर लातूर. मी केरसुणीला हात लावला नव्हता. त्यांनी ब्रशने भरायला घेतलं आणि बरणी गळ्यापर्यंत भरली, तरी बाल्कनीत ढीग शिल्लक. त्यांनी तीनदा आपटली. फारसा फरक पडला नाही. चमचा काढला आणि तसेच थांबले. सहा-सात वर्षांत पहिल्यांदा त्यांना वाक्य सुचेना.

मी बरणी त्यांच्या हातातून घेतली आणि उजेडात धरली. नीट बघितली, बँकेत बघते तशी.

"यंदा कमी आहे," मी म्हणाले.

मोबाइलमधून आवाज आला, "ताई म्हणायल्यात म्हंजे असंलच की."

बिराजदारांनी चमचा खिशात ठेवला आणि पेन माझ्या हातात दिलं. रेघ मी मारली. भरपूर खाली.